निदान

पाचव्या दिवशी पाणी येतं, रात्री पावणेदोनला.
नळाची पहिली फुसफुस मला ऐकू येते.
उठते ती आम्मा, सत्तावन्न वर्षांचे गुडघे घेऊन.
बॅरल, घागरी, दोन पत्र्याचे डबे, तो लाल टब.
मी पडल्या पडल्या मोजते.
मागच्या खेपेला तीन घागरी उचलल्या होत्या मी,
तीन दिवस गेले.
घागरीला एक दिवस.
हा भाव सांगितला की विडी घरकुलात लोक हसतात.
मीही हसते. त्यालाही थोडं लागतंच.

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात
मी चेकिंगला होते, अकरा वर्षं.
उजेडाच्या टेबलावरून कापड सरकायचं
आणि बोट आपोआप थांबायचं:
तुटलेला ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग.
खडूची खूण, की माल बाजूला.
आता त्या टेबलावर मी आडवी
आणि बोट कुणाचंच थांबत नाही.

रक्त नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल.
सोनोग्राफीवाला म्हणाला, लिव्हर फार छान आहे तुमचं,
नव्या घराचे पडदे बघून म्हणावं तसं.

आम्मा म्हणते, अलसट.
शेजारच्या गंगव्वा म्हणतात, दणिवु.
कारखान्यातल्या बाया म्हणायच्या थकवा,
कागदावर जनरल वीकनेस.
एवढ्या भाषांच्या गावात एकही शब्द बसत नाही,
कारण हे सगळे शब्द कामानंतरचे.
माझं ते कामाच्या आधी येतं.
डोळे उघडायच्या आत
अंथरुणावर येऊन बसलेलं असतं,
चप्पल न काढता.

नवी पेठेतले म्हणाले, लग्न करा.
सात रस्त्याचे म्हणाले, टेन्शन घेऊ नका,
आणि सातशे घेतले.
पेद्दम्मानं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.
ठसका आला नाही. बघ, म्हणाली, केवढी दृष्ट!
खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी बरं वाटलं.
कुणाला तरी काहीतरी सापडलं होतं.

मग सिव्हिल.
बत्तिशीतली बाई रांगेत खाली बसली तर वॉचमन उठवतो,
म्हणून भिंतीला खांदा लावून, कधी डावा, कधी उजवा.
चिप्पा रेणुका कोण?
मी. बहुतेक.

डॉक्टर म्हणजे एक पोरगीच.
डोळ्यांखाली काळं, पेन दुसऱ्याचं.
तिनं कागद वाचले. सगळे. उलटे लागलेले सरळ करून.
मग विचारलं,
काम केलं की लगेच होतं, का दुसऱ्या दिवशी?

तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी, म्हटलं, आणि घागरींचं सांगितलं.
ती हसली नाही.
लिहून घेतलं: एक घागर, एक दिवस.
खाली 'निदान' छापलं होतं,
त्यापुढं एक प्रश्नचिन्ह काढलं, ठसठशीत,
खडूच्या खुणेसारखं.
मला नाही माहीत, म्हणाली. पण आहे हे.
पुढच्या महिन्यात मोठ्या सरांना दाखवू.

रिक्षात तो कागद मी मांडीवर धरून आणला,
वाऱ्यानं जाऊ नये म्हणून
दोन्ही हातांनी.

आम्मा सुपापुढं, हजारातल्या चारशे अजून बाकी.
बोटं न थांबवता तिनं विचारलं, काय झालं म्हणाले?
निदान नाही, म्हटलं.
आम्माला मराठीतला हा शब्द एकाच अर्थानं येतो.
निदान दोन घास खा.
निदान केस तरी विंचर.
निदान दारात येऊन बस, ऊन उतरलंय.
ती गोंधळून बघत राहिली
आणि तिचा दोरा तुटला.

आज पाणी.
उचलायचं काही नाही, असं ठरवून
उंबऱ्यावर बसले, पाइपचं तोंड धरून.
गार होतं, हातात वळवळत होतं.
आम्मा घागर सरकवायची, भरली की मी म्हणायची, हं.
गल्लीभर मोटारींची घरघर.
चौथ्या घागरीला ती वाकली, माझ्याकडं बघून म्हणाली,
निदान

पुढचं पाण्याच्या आवाजात गेलं.